सिक्युरिटी चावी दहा महिने वापरल्यावर: फिशिंगपासून कुठे वाचवते आणि कुठे नाही

फिशिंग म्हणजे खोट्या मेल किंवा मेसेजने फसवून पासवर्ड, पैसे काढणं, त्यापासून वाचायला ही लॉगिनची चावी घेऊन दहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण तेव्हा मी प्रचंड घाबरलेली होते आणि कोणी काहीही हातात दिलं असतं तरी बरं वाटलं असतं. आता ती रोजच्या सवयीत मुरलीय, तिचं बळ कळलंय आणि ती कुठे हात टेकते तेही कळलंय.

आधी वस्तू काय आहे ते. दिसायला छोट्या पेनड्राइव्हसारखी, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायला एक भोक, मध्ये धातूची एक चकती. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, चार्जिंग नाही. यूएसबी-सी मध्ये जाते आणि एनएफसी असल्यामुळे फोनच्या पाठीला टेकवली तरी चालते. मेलमध्ये लॉगिन करताना ब्राउझर चावी मागतो, मग ती लावायची, विचारला तर पिन टाकायचा, चकतीला बोट लावायचं, झालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते फिडो-टू या, चावीने लॉगिन करायच्या मानकाच्या कुठल्याही चावीला लागू होतं, घेताना फिडो-टू लिहिलेलं बघा म्हणजे झालं.

का घेतली हे सांगितल्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही, म्हणून जरा लांबण लावते.

मी अकाउंट्सचं काम बघते. दिवसाला शंभरेक मेल येतात, त्यातले निम्मे इन्व्हॉइसचे. महिनाअखेरीच्या गडबडीत एका संध्याकाळी एका जुन्या पुरवठादाराकडून मेल आला, आणि तो काही नवाकोरा मेल नव्हता, आमच्याच आधीच्या बोलण्याच्या साखळीत उत्तर म्हणून आला होता, खाली माझीच आधीची वाक्यं दिसत होती, त्यांची नेहमीची सही होती, पाठवणाऱ्याचा पत्ता अगदी बरोबर होता. सुधारित इन्व्हॉइस शेअर केलंय, बघून घ्या, एवढंच लिहिलेलं आणि एक लिंक. लिंक उघडली, लॉगिनचं पान आलं, तेच रंग, तोच लोगो. पासवर्ड टाकला, फोनमधल्या ॲपवरचा सहा आकडी कोड टाकला, आत एक अस्पष्ट पीडीएफ उघडली जी धड वाचताच येत नव्हती. मला वाटलं त्यांनी चुकून भलतीच फाइल टाकली, उद्या सांगू, आणि लॅपटॉप मिटून निघाले.

पुढचे चार दिवस काहीच झालं नाही असं मला वाटत होतं आणि त्याच चार दिवसांत कोणीतरी माझ्या मेलबॉक्समध्ये बसून सगळं वाचत होतं. त्याने एक नियम लावून ठेवला होता, पेमेंट, बँक असले शब्द असलेली उत्तरं परस्पर एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये जायची, मला दिसायचीच नाहीत. आणि माझ्या नावाने, माझ्याच खऱ्या पत्त्यावरून, आमच्या तीन ग्राहकांना मेल गेले होते की आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा. माझी लिहायची पद्धतसुद्धा उचललेली, मी मेलच्या शेवटी जे दोन शब्द नेहमी लिहिते तेसुद्धा. तिघांपैकी एका ऑफिसातल्या बाईंनी पैसे पाठवायच्या आधी फोन केला, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, त्यांच्या जुन्या वहीतल्या नंबरवर, थेट आमच्या मॅनेजरना. त्या एका फोनमुळे सगळं उघडकीला आलं आणि बाकी दोघांचेही पैसे जायचे थांबले. त्या बाईंना मी अजून प्रत्यक्ष भेटलेली नाही पण त्यांची आठवण रोज होते.

यात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की फिशिंग कसं ओळखायचं याचं ट्रेनिंग मला मिळालेलं होतं. अनोळखी पाठवणारा, चुकलेलं शुद्धलेखन, चोवीस तासात अकाउंट बंद होईल अशी धमकी, भलतंच अटॅचमेंट, ही यादी मला पाठ होती. आणि त्या मेलमध्ये यातलं काहीच नव्हतं. पाठवणारा ओळखीचा होता कारण आधी त्यांचाच मेलबॉक्स फुटला होता आणि मेल खरोखर तिथूनच निघाला होता. भाषा चुकलेली नव्हती. घाई कुणीच केली नव्हती. आता तर एआयने कुणीही कुठल्याही भाषेत सफाईदार लिहून घेऊ शकतो, त्यामुळे व्याकरणाच्या चुका शोधा हा सल्ला जुना झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. चुका दिसल्या तर सावध व्हाच, पण नाही दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणि ओटीपी असूनही हे झालं कसं? मलाही हाच प्रश्न पडला होता. आमच्या आयटीतल्या मुलाने समजावून सांगितलं. ते नकली पान नुसतं चित्र नव्हतं, ते मध्ये बसलेलं होतं. मी पासवर्ड टाकला की तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर पुढे जायचा, खरी साइट कोड मागायची, तो मला मागितला जायचा, मी टाकला की तोही पुढे. खऱ्या साइटच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं, तिने आत घेतलं आणि आत असल्याची जी खूण ब्राउझरला देतात, सेशन कुकी म्हणतात तिला, ती माझ्याकडे यायच्याऐवजी मध्ये बसलेल्याकडे गेली. ती कुकी हातात आली की मग त्याला ना पासवर्ड लागतो ना कोड. एसएमएसचा कोड काय, ॲपमधला काय, फोनवर येणारं 'हो मीच आहे' वालं बटण काय, तिन्हींचा इथे काही उपयोग होत नाही, कारण कोड देणारी मीच आणि बटण दाबणारीही मीच.

इथे चावीचं काम सुरू होतं.

एखाद्या साइटवर चावी नोंदवली की चावी त्या साइटसाठी सांकेतिक आकड्यांची एक वेगळी जोडी बनवते, एक भाग साइटकडे जातो आणि दुसरा गुप्त भाग चावीतच राहतो, तो कधीच बाहेर येत नाही, आपल्यालाही दिसत नाही. लॉगिनच्या वेळी साइट एक यादृच्छिक आकडा पाठवते, ब्राउझर त्याला आपण खरोखर ज्या वेबसाइटच्या पत्त्यावर आहोत तो पत्ता जोडतो आणि चावी त्यावर सही करून देते. म्हणजे ही सही त्या पत्त्यापुरतीच. नकली पान कितीही हुबेहूब असो, त्याचा पत्ता वेगळा असणारच, आणि मग ब्राउझर त्याला खऱ्या साइटची सही मागूच देत नाही. त्याने स्वतःच्या पत्त्याची मागितली तर चावीकडे त्या पत्त्याची नोंदच नसते. मध्ये बसून पुढे पाठवायला त्याला काही मिळतच नाही. पत्ता मी वाचत नाहीये हे यातलं खरं मर्म आहे. ब्राउझर वाचतोय, एकेक अक्षर, दरवेळी. तो दमत नाही, त्याची महिनाअखेर नसते, त्याला लोगो बघून विश्वास बसत नाही.

आमच्या आयटीतल्या मुलाने चावी दिल्यावर एक चाचणी करून दाखवली, ऑफिसच्याच परवानगीने, ऑफिसच्याच टेस्ट अकाउंटवर. असंच मध्ये बसणारं एक पान उभं केलं आणि मला सांगितलं आता मुद्दाम फसून दाखवा. मी पासवर्ड टाकला, तो गेला. मग चावी लावली, बोट ठेवलं, काहीच नाही. चावी मागणारी ती छोटी खिडकी उघडलीच नाही, पानावर नुसतं काहीतरी चुकलंय असं आलं आणि तिथेच अडकलं. त्याने दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या वेळी मला रडू आलं, कारण माझ्या त्या संध्याकाळी ही चावी लावलेली असती तर माझ्या हातून चूक होऊनही पुढचं काहीच घडलं नसतं. मला माझ्या चुकीतूनही वाचवणारी वस्तू हवी होती आणि ती पहिल्यांदा समोर दिसत होती.

हे फक्त माझ्या अनुभवावर सांगत नाहीये. गुगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशा चाव्या सक्तीच्या केल्या आणि २०१८ मध्ये सांगितलं की त्यानंतर ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं अकाउंट फिशिंगने गेलेलं नाही. क्लाउडफ्लेअरचं उदाहरण तर मला जास्त जवळचं वाटतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं की त्यांच्या माणसांना फोनवर नकली लॉगिन पानाचे मेसेज आले, किमान ७६ जणांना आणि तेही एका मिनिटाच्या आत, आणि तीन जणांनी त्या पानावर पासवर्ड टाकलाही. तीन जण फसले, तेही इंटरनेटची सुरक्षा विकणाऱ्या कंपनीतले! पण सगळ्यांकडे चाव्या होत्या म्हणून हल्ला करणारा आत जाऊ शकला नाही. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात, एसएमएस पाठवायची सेवा देणाऱ्या ट्विलिओ कंपनीत मात्र चोर आत शिरले. हे वाचल्यावर माझ्या मनातली शरम बरीच कमी झाली.

आणि ओळखण्यावर किती विसंबायचं याचं सगळ्यात वाईट उदाहरण २०१६ मधलं. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना मार्चमध्ये मेल आला, कोणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे, ताबडतोब बदला, गुगलच्या नावाने. त्यांच्या ऑफिसने शिस्तीत तो मेल तांत्रिक मदत करणाऱ्याला दाखवला. त्याने उत्तर दिलं की मेल खरा आहे, पासवर्ड बदला, आणि गुगलची बरोबर लिंकही दिली. नंतर त्याने सांगितलं की त्याला नकली असं लिहायचं होतं, एक शब्द चुकला. आणि क्लिक झालं ते मेलमधल्या नकली लिंकवर. यात कुणी निष्काळजी होतं असं मला वाटत नाही. विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं होतं. फक्त सगळा भार माणसाच्या नजरेवर आणि बोटांवर होता.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा, कारण चावी घेतली म्हणजे आता मेलचं टेन्शन संपलं असं समजून कोणी निवांत झालं तर माझ्यासारख्याच्याच पैशांवर गदा येईल.

चावी फक्त लॉगिनचा दरवाजा राखते. मला ज्या ग्राहकांच्या बाबतीत धास्ती वाटली, त्यांना माझ्या खऱ्या पत्त्यावरून मेल गेला होता, त्यांना कुठे लॉगिन करायचंच नव्हतं, फक्त खाते क्रमांक बदलायचा होता. तिथे दहा चाव्या असत्या तरी काय उपयोग. २०१३ ते २०१५ च्या दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसाने तैवानच्या एका पुरवठादार कंपनीच्या नावाने खोटी बिलं आणि मेल पाठवून गुगल आणि फेसबुककडून मिळून १२ कोटी डॉलरच्या आसपास काढले, २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ना पासवर्ड चोरला, ना व्हायरस, नुसती बिलं. त्यामुळे आमच्याकडे आता एकच नियम आहे, खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, आणि माणसाशी बोलल्याशिवाय बदल करायचा नाही, मग मेल साहेबांचा असो की कुणाचाही आणि कितीही घाईचा असो. साहेबांच्या नावाने येणारे मेल तर वेगळंच प्रकरण आहे, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, हे काम पटकन कर. ज्या मेलमध्ये फोन करू नको असं लिहिलंय तिथे तर फोन करायचाच.

दुसरं, परवानगी मागणारे मेल. मे २०१७ मध्ये गुगल डॉक्सच्या नावाने एक मेल पसरला होता, ओळखीच्याकडूनच यायचा, क्लिक केलं की गुगलचंच खरं पान उघडायचं आणि विचारायचं की गुगल डॉक्स नावाच्या ॲपला तुमचे मेल आणि कॉन्टॅक्ट बघायची परवानगी द्यायची का. ॲपचं नाव कोणीतरी तसं ठेवलं होतं, गुगलचं ते नव्हतंच. गुगलने तासाभरात ते बंद पाडलं पण तेवढ्यात ते खूप जणांपर्यंत पोचलं होतं. इथे पत्ता खरा, पान खरं, चावीही आनंदाने चालेल, कारण लॉगिन खऱ्या ठिकाणीच होतंय. म्हणून अशी परवानगी मागितली की मी थांबून विचार करते की मी आत्ता स्वतःहून हे ॲप जोडायला निघाले होते का. नव्हते, तर नाही.

तिसरं, अटॅचमेंटमधून कॉम्प्युटरमध्ये काही शिरलं तर तो प्रोग्राम आपण आधीच लॉगिन केलेल्या कुकीच उचलून नेऊ शकतो, चावीला त्याचा पत्ताही लागत नाही. पासवर्ड लावलेली झिप आणि त्याच मेलमध्ये तिचा पासवर्ड, असं दिसलं की मी उघडत नाही, कारण तसं करण्याचं एक मोठं कारण हेच असतं की मेलमधले व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनरला आत बघता येऊ नये. एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानाची फाइल, अटॅच करून सहसा कोणी बिल पाठवत नाही.

मेल बघताना मी आता काय बघते ते सांगते, जास्त नाही, थोडक्याच गोष्टी आहेत. नाव बघत नाही, पत्ता बघते, कारण पाठवणाऱ्याचं नाव म्हणून कोणीही काहीही लिहू शकतं आणि फोनवर तर बरेचदा नुसतं नावच दिसतं, त्यावर बोट ठेवून पत्ता उघडावा लागतो. लिंकवर क्लिक करायच्या आधी कॉम्प्युटरवर माउस नुसता वर नेते, फोनवर दाबून धरते, म्हणजे खरा पत्ता दिसतो. आणि तो पत्ता उजवीकडून वाचते. म्हणजे असं, सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे जे असतं ते खरं घर. बँकेचं नाव डॉट कॉम डॉट लॉगिन-तपासणी डॉट नेट असा पत्ता असेल तर तो बँकेचा नाहीच, तो लॉगिन-तपासणी डॉट नेट वाल्याचा आहे, बँकेचं नाव नुसतं दारावर टांगलंय. इंग्रजी आर आणि एन जवळजवळ लिहिले की एम दिसतो, दुसऱ्या लिप्यांतली काही अक्षरं तर इंग्रजीसारखीच दिसतात. हे सगळं येत असूनही मी थकलेली असताना चुकणार हे मला माहितीय, म्हणून पैशाच्या आणि मेलच्या अकाउंटला मी मेलमधल्या लिंकवरून जातच नाही, बुकमार्कवरूनच जाते. एवढी एक सवय बाकीच्या सगळ्या नजरेच्या कसरतीपेक्षा जास्त कामाची आहे.

कुलपाच्या चित्रावर तर अजिबात जाऊ नका. कुलूप म्हणजे मधल्या रस्त्यात कोणी वाचू शकत नाही एवढंच, पलीकडे कोण बसलंय ते ते सांगत नाही, आणि चोरालाही ते फुकट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं, लोक त्याचा भलता अर्थ घेतात म्हणून.

लोक विचारतात की मग मेल कंपन्या काय करतायत. करतायत, पण मेलचा पायाच जुना आहे. १९८२ मध्ये जी पद्धत ठरली तिच्यात पाठवणारा म्हणतो तोच तो आहे का हे तपासायची सोयच नव्हती. नंतर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी, पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का ते तपासणारी ठिगळं लावत गेले आणि फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. चांगलंच झालं, दुसऱ्याचा पत्ता जसाच्या तसा वापरणं त्यामुळे अवघड होतं. पण चोराने मिळताजुळता पत्ता स्वतः विकत घेतला आणि सगळी कागदपत्रं नीट लावली तर तो या तपासणीत पास होतो, आणि माझ्या बाबतीत जसं झालं तसं खराच मेलबॉक्स फुटला असेल तर प्रश्नच नाही.

अजून एक प्रकार खूप जणांना घाबरवतो म्हणून मध्येच सांगते. मेल येतो, त्यात तुमचा खरा जुना पासवर्ड लिहिलेला असतो आणि म्हणतात तुमच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ काढलाय, क्रिप्टोमध्ये पैसे द्या. पासवर्ड खरा बघून माणसाच्या पोटात गोळा येतो. तो पासवर्ड बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटच्या जुन्या गळतीतून आलेला असतो, एकच मजकूर हजारो जणांना जातो. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदला. हॅव आय बीन पोन्ड नावाची साइट आहे, २०१३ पासून चालू आहे, ट्रॉय हंट यांनी सुरू केलेली, तिथे आपला मेल पत्ता टाकला की कुठल्या माहीत असलेल्या गळतीत तो होता ते कळतं. कुणाला लाज वाटून एकट्याने सहन करत बसू नका, घरात कुणालातरी सांगा.

आता चावीच्या रोजच्या वापराच्या तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार चावीची नाहीच, साइट्सची आहे. चावी लावली तरी बऱ्याच ठिकाणी 'दुसऱ्या मार्गाने लॉगिन करा' हा रस्ता उघडाच राहतो आणि तिथे एसएमएस कोड चालतो. मग चोर आपल्याला त्याच रस्त्याने नेणार, नकली पानावर लिहिणार की आज चावी चालत नाहीये, कोड टाका. म्हणून चावी लावल्यावर सेटिंगमध्ये जाऊन एसएमएसचा पर्याय काढता येतो का बघा, काढता येत असेल तर काढा. हे न करता चावी वापरणं म्हणजे पुढच्या दाराला पोलादी कुलूप आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. गुगलची ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन नावाची सोय आहे, २०१७ पासून, ती चालू केली की हे बरंचसं आपोआप कडक होतं. माझ्या वैयक्तिक मेलला मी तीच लावलीय.

दुसरी अडचण, एक चावी घेऊन चालत नाही. हरवली तर आपणच बाहेर. ॲपलने तर २०२३ मध्ये ही सोय आणताना किमान दोन चाव्या जोडायची अटच ठेवली आणि ते मला पटलं. दोन घ्यायच्या म्हणजे खर्चही दुप्पट, ही गोष्ट खरी आहे आणि सगळ्यांना ते जमेल असं नाही. आणि दोन्ही चाव्या प्रत्येक साइटवर वेगवेगळ्या जोडाव्या लागतात, एकीची कॉपी दुसरीत होत नाही. मला हे सगळं करायला एक अख्खी सुट्टीची दुपार लागली. नवीन अकाउंट उघडलं की दुसरी चावी कपाटातून काढून जोडायचा कंटाळा येतो, पण तो कंटाळा करू नका.

पिन नीट लक्षात ठेवा. आठ वेळा चुकला की चावी कुलूपबंद होते आणि मग रिसेट करावी लागते, रिसेट म्हणजे आतल्या नोंदी गेल्या. चोराच्या हातात पडली तर हीच गोष्ट आपल्या फायद्याची आहे, म्हणून मी याला दोष म्हणत नाही. टिकाऊपणाबद्दल बोलायचं तर दहा महिन्यांत दोनदा पडली, एकदा पावसात भिजली, काही झालं नाही.

ज्यांना चावी विकत घ्यायची नाहीये त्यांच्यासाठी पासकी आहे, फोनमध्येच. मे २०२२ मध्ये ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून याला पाठिंबा जाहीर केला आणि आता बऱ्याच साइटवर चालते. आतलं गणित चावीचंच, पत्त्याला बांधलेली सही, त्यामुळे फिशिंगपुरतं संरक्षण तसंच मिळतं. फरक एवढाच की पासकी साधारणपणे तुमच्या गुगल किंवा ॲपल अकाउंटमधून तुमच्या सगळ्या उपकरणांवर जाते, म्हणजे ते मूळ अकाउंट नीट जपायला हवं. माझ्या आईच्या फोनमध्ये मी पासकीच लावून दिली, तिला बोट लावून आत जाणं सोपं पडतं आणि पासवर्ड लक्षात ठेवायचा त्रासच गेला. आणि जिथे चावीही चालत नाही आणि पासकीही नाही, अशा साइट अजून ढिगाने आहेत, तिथे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारं ॲप, वापरते, तो साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड भरतो. एखाद्या पानावर तो आपोआप भरला नाही तर हाताने कॉपी करून टाकायचा नाही, आधी पत्ता बघायचा, तो न भरणं हीच सूचना असते.

कोणी घ्यावी? ज्यांच्या मेलवरून पैशाचे व्यवहार हलतात, ऑफिसची ॲडमिन अकाउंट ज्यांच्याकडे आहेत, पत्रकार, कार्यकर्ते, ज्यांच्या मेलबॉक्समध्ये दुसऱ्यांची गुपितं असतात असे सगळे, यांनी वाट बघू नये. बाकीच्यांनी आज संध्याकाळी निदान मुख्य मेलला पासकी लावावी, कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलले जातात.

आणि आधीच कुठे पासवर्ड टाकून बसला असाल तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, हे मी अनुभवाने सांगते, कारण काही ठिकाणी जुनी कुकी त्यानंतरही जिवंत राहू शकते. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, मग मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि नियम बघा, मला न विचारता लागलेला तो नियम मला तिथेच सापडला होता, जोडलेली ॲप्स बघा, रिकव्हरीचा फोन आणि मेल तोच आहे का बघा. बँकेचं काही असेल तर आधी बँकेला फोन. ऑफिसचं अकाउंट असेल तर त्याच मिनिटाला आयटीला सांगा, ओरडा बसेल म्हणून लपवू नका, मी चार दिवस नकळत घालवले तेवढ्यात तीन मेल गेले होते.

घेताना थेट बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, वापरलेली घेऊ नका, सील फुटलेलं असेल तर परत करा. दोन्ही एकाच दिवशी जोडून टाका. माझी एक जुडग्यात असते, दुसरी कपाटात एका पाकिटात ठेवलीय आणि तिच्यावर कुठली कुठली अकाउंट जोडलीयत त्याचा कागद सोबत घडी करून ठेवलाय, मागच्या आठवड्यातच त्यात दोन नावं वाढवली.